हरसूललाच सुटा सेट हवा

घरात गाणी ऐकायला काय घ्यावे असे कुणी विचारले, की हल्ली उत्तर ठरलेले असते: ऑल-इन-वन घ्या. एकच डबा, त्यातच रेडिओ, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर. आणला, पिन लावली, वाजायला लागला. सुटा ॲम्प्लिफायर, त्याला जोडलेले दोन सुटे बॉक्स, शेजारी कॅसेटचा नाहीतर सीडीचा डेक, हे सगळे शहरातल्या पैसेवाल्या शौकिनांनी करावे. आणि विचारणारा हरसूलकडचा असला, तर या उत्तराला आणखी एक वाक्य जोडले जाते: तुमच्याकडे कशाला लागतो हाय-फाय? त्र्यंबकेश्वर तालुक्यातले, गुजरातच्या सीमेजवळचे, आदिवासी पाड्यांचे बाजारगाव. वीज येते-जाते, पाऊस चार महिने कोसळतो, घरे कौलांची आणि पत्र्यांची. तिथे डबा पुरे, असे दुकानदार सांगतो, शहरात नोकरीला लागलेला भाचा सांगतो, मोबाइलवर यंत्रांची परीक्षणे करणारेही सांगतात. इतक्या तोंडांनी हे मत कानावर येते, की त्याला हिशेब विचारायचे कुणाच्या मनातही येत नाही. तो हिशेब मांडला तर उत्तर नेमके उलटे निघते. नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्याला ऑल-इन-वन एक वेळ परवडेल. हरसूलला तो परवडत नाही. सुट्या सेटची खरी गरज हरसूललाच आहे.

समोरच्या बाजूचे म्हणणे आधी पूर्ण जोराने मांडू, म्हणजे कुणाला तक्रार राहायला नको. डबा स्वस्त पडतो. जागा कमी लागते. तारांचा गुंता नाही, पोरेबाळे ओढतील अशी वायर नाही, उंदराने कुरतडायला काही नाही. कुठले काय कुठे जोडायचे हे शिकावे लागत नाही. आवाजातला फरक शंभरात पाच जणांनाही कळत नाही. आणि बिघडलाच तर नवा घ्यावा. आता दुरुस्ती करतो कोण? या म्हणण्यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात सहज बोलला जातो. तोच सगळ्यात महाग पडतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

दुरुस्ती करतो कोण? हरसूलमध्ये माणसे दुरुस्ती करतात. कुठल्याही बाजारगावात सोल्डरची बंदूक आणि मल्टीमीटर घेऊन बसलेला कुणीतरी असतो. तो टीव्ही उघडतो, मिक्सर उघडतो, पंख्याचा कॅपॅसिटर बदलतो. त्याच्यापुढे सुटा ॲम्प्लिफायर ठेवा. चार स्क्रू काढले की आत ट्रान्सफॉर्मर वेगळा, पॉवर सप्लायचे मोठे कॅपॅसिटर वेगळे, हीटसिंकला कसलेला आयसी किंवा ट्रान्झिस्टरची जोडी वेगळी दिसते. आयसीवर नंबर छापलेला असतो. टीडीए २०३० असो की टीडीए ७२९४, तो नंबर सांगितला की नाशिकच्या दुकानात तोच भाग नाहीतर त्याला चालणारा दुसरा मिळतो. नाहीच मिळाला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवता येतो. आता त्याच माणसापुढे ऑल-इन-वन डबा ठेवा. बऱ्याच डब्यांना बाहेर स्क्रूच दिसत नाहीत. कवच चिकटवलेले, नाहीतर रबराच्या पायांखाली स्क्रू लपवलेले. उघडलाच तर आत एकच बोर्ड, त्यावरच वीजपुरवठा, ब्लूटूथ आणि ॲम्प्लिफायर, शेजारी गोंदाने बसवलेली लिथियमची बॅटरी. चिपवरचा नंबर कधी घासून काढलेला, कधी अशा कंपनीचा की त्याची माहिती कुठेच मिळत नाही. इथे त्या माणसाचे कौशल्य कमी पडत नाही. त्याला काम करताच येऊ नये अशीच ती वस्तू बांधलेली आहे. मग उरते ते सर्व्हिस सेंटर, आणि ते नाशिकला. वाघेऱ्याचा घाट ओलांडून जायचे, डबा जमा करायचा, पंधरा दिवसांनी पुन्हा जायचे, आणि तिथे ऐकायचे की बोर्ड गेलाय, नवाच घ्या. दोन खेपांचे भाडे आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी डब्याच्या स्वस्त किमतीत कुणी धरतो का? शहरातला माणूस संध्याकाळी कामावरून परतताना सर्व्हिस सेंटरला जाऊन येतो. त्याला हा खर्च दिसतच नाही. गाव सर्व्हिस सेंटरपासून जितके लांब, तितकी गावातच उघडेल अशा वस्तूची गरज मोठी. डबा सुचवणाऱ्यांनी हे अंतर कधी मोजलेलेच नाही.

सुट्या सेटमधला बिघाड शोधायला तर मेकॅनिकही लागत नाही. समजा डावा बॉक्स बोलत नाही. ॲम्प्लिफायरच्या मागच्या दोन्ही बॉक्सच्या वायरी एकमेकींच्या जागी लावा. आता उजवा बॉक्स मुका झाला आणि डावा बोलू लागला, तर बॉक्स ठणठणीत आहे आणि दोष अलीकडे, ॲम्प्लिफायरमध्ये किंवा डेकमध्ये आहे. डावाच मुका राहिला, तर दोष त्या बॉक्समध्ये किंवा त्याच्या वायरीत. दोष अलीकडचा निघाला, तर वायरी परत जागच्या जागी लावून डेककडून येणारी लाल आणि पांढरी पिन आपसात बदला. मुकेपणा दुसऱ्या बाजूला सरकला तर डेक नाहीतर त्याची केबल खराब, जागीच राहिला तर ॲम्प्लिफायर. दोन मिनिटांत कळते की दुकानात काय न्यायचे. बाकीचे दोन भाग घरीच राहतात. बॉक्सचा कोन फाटला तर कोन बदलून मिळतो, कडेचा फोम झडला तर फोम बसवून मिळतो, डेकचा रबरी पट्टा सैल पडला तर पट्टा बदलतात. डब्यात एक भाग मेला की सगळेच मेले, चांगले स्पीकरसुद्धा त्याच्याबरोबर भंगारात.

आणि डबा बिघडायलाच हवा असेही नाही. ठणठणीत डबाही दूर बसलेली कंपनी निकामी करू शकते. हे घडलेले आहे, आणि जगातल्या नामांकित, महागड्या कंपन्यांकडून घडलेले आहे. सोनोस या अमेरिकी कंपनीने २०२० च्या जानेवारीत जाहीर केले, की तिच्या जुन्या यंत्रांना त्या मे महिन्यापासून नवे सॉफ्टवेअर मिळणार नाही. त्याआधी जुने यंत्र कायमचे बंद पाडले तर नव्यावर सवलत, अशी योजनाही तिने चालवली होती. चालू यंत्र, मालकाच्या हाताने, कायमचे बंद! ओरड झाली, कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. बोस कंपनीने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये असाच निर्णय सांगितला: २०१३ पासून विकलेल्या साउंडटच यंत्रांमागची इंटरनेट सेवा पुढच्या वर्षी बंद. लोकांच्या नाराजीनंतर मुदत वाढली, काही गोष्टी खुल्या केल्या गेल्या. पण त्या यंत्रांत सुरुवातीपासून कशाला धक्का लागणार नव्हता? ऑक्सच्या पिनेला आणि ब्लूटूथला. ज्या तारेला जुनाट म्हणून हिणवले जाते, तीही शेवटी शाबूत राहिली. लाल-पांढऱ्या पिनेचा मालक कुणी नाही, ती बंद करायचा अधिकार कुठल्याच कंपनीकडे नाही. १९८० सालच्या कॅसेट डेकची पिन आजच्या ॲम्प्लिफायरला बसते, आणि आज घेतलेला ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर १९८० सालच्या ॲम्प्लिफायरला बसतो. हरसूलच्या परिसरात कितीतरी घरांत अजून भजनांच्या, प्रल्हाद शिंद्यांच्या गाण्यांच्या, लग्नात भरून घेतलेल्या आवाजांच्या कॅसेटी असतील. त्या वाजवणारी सोय नव्या डब्यात कुठे आहे? सुट्या सेटला फक्त एक जुना डेक आणि एक केबल लागते.

आता आवाजाकडे येऊ, कारण फरक कळत नाही हे वाक्य सगळ्यात आत्मविश्वासाने फेकले जाते. दोन स्पीकर दोन बाजूंना कशासाठी असतात? ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ मध्ये स्टीरिओचे पेटंट मागितले, तेव्हापासून कारण तेच आहे: डाव्या-उजव्या कानांना पोचणाऱ्या आवाजांतल्या बारीक फरकावरून माणसाला वाजवणाऱ्याची जागा कळते. त्यासाठी ऐकणारा आणि दोन बॉक्स यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा लागतो, म्हणजे ऐकणाऱ्यापाशी ६० अंशांचा कोन. तीन फूट लांबीचा साउंडबार दहा फुटांवरून ऐकला तर त्याच्या दोन टोकांत जेमतेम १७ अंशांचा कोन होतो. आठ इंच रुंदीच्या ब्लूटूथ डब्यात तो ४ अंशही भरत नाही. हे भूमितीचे गणित आहे, कानाच्या हुशारीचा यात संबंध नाही. सुटे बॉक्स भिंतीच्या दोन कोपऱ्यांकडे सरकवले की काम झाले, त्याला पैसाही लागत नाही.

खालच्या स्वराचेही तसेच. या भागातले आपले वाद्य घ्या, संबळ. कमरेला बांधलेली दोन भांडी, एक उंच बोलणारे आणि एक खाली घुमणारे. बोहाड्याच्या उत्सवात सोंग नाचायला लागते ते या दोघांच्या बोलण्यावर. ते खालचे घुमणे स्पीकरमधून यायचे तर पडद्याने हवा ढकलली पाहिजे. तेवढ्याच जोराने अर्ध्या कंपनसंख्येचा स्वर काढायचा तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. तीन इंची पडद्याला ते झेपत नाही. सहा इंची पडद्याचे क्षेत्रफळ चौपट असते, म्हणून तो तेच काम चौथाई हालचालीत करतो. छोट्या डब्यातली चिप मग खालचा स्वर कृत्रिमपणे फुगवते, आणि आवाज वाढवला की पडदा फाटू नये म्हणून तोच स्वर दाबून टाकते. परिणाम असा, की हळू लावला तर बूफर आहे असे वाटते आणि मोठा केला की संबळाचा अर्धा भाग नाहीसा होतो. हे ज्याने संबळ समोरून ऐकले आहे त्याला कळत नाही असे म्हणायचे? हरसूलच्या माणसाने तारपा, पावरी, संबळ, सनई ही वाद्ये मंडपात, अंगणात, रात्रभर उघड्या कानांनी ऐकलेली असतात. त्याच्या कानाला खरी वाद्ये माहीत आहेत. फरक कळत नाही हे वाक्य त्याला ऐकवणारा बहुतेकदा तेवढा भाग्यवान नसतो.

मग खोक्यावरचे वॉट पुढे केले जातात. शेकडो, कधी हजारो. पीएमपीओ नावाने छापलेल्या त्या आकड्याला कुठलीही ठरलेली व्याख्या नाही. ज्याला जो हवा तो त्याने लिहावा. खरा आकडा बघायचा तर डबा उलटा करून वीजपुरवठ्याची ओळ वाचा, ॲडाप्टर असेल तर त्याच्यावरची. १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिले असेल तर गुणाकार २४ वॉट. त्या डब्याला भिंतीतून सतत मिळणारी वीजच तेवढी, तर तो सतत त्याहून जास्त देणार कुठून? आणि खोलीत ऐकायला फार वॉट लागतही नाहीत. ८८ डेसिबलचा साधा स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देतो, आणि शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. आठ वॉटवर तोच ९७ डेसिबलला जातो. एवढ्या आवाजात घरातल्यांना एकमेकांशी ओरडूनच बोलावे लागेल.

यावर एक आक्षेप मात्र मानायला हवा. जुन्या धाटणीचा, ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प्लिफायर कमी व्होल्टेजला दमतो, गुरगुरतो, आवाज चिरकतो. डब्यातला आधुनिक वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टपर्यंत निमूट चालतो. खरे आहे. पण त्यासाठी डबाच घ्यावा लागतो हे कुणी सांगितले? टीपीए ३११६ सारख्या क्लास-डी चिपवरचे तळहाताएवढे ॲम्प्लिफायर आज काही शे रुपयांपासून मिळतात. ते साधारण ५ ते २६ व्होल्टवर चालतात. त्यांना लॅपटॉपचा जुना ॲडाप्टर चालतो, आणि वीज गेली की १२ व्होल्टची बॅटरीही चालते, सोलरवर चार्ज केलेली असली तर उत्तमच. १२ व्होल्टवर, ८ ओहमच्या बॉक्सवर असा ॲम्प्लिफायर प्रत्येक बाजूला आठ-नऊ वॉट देतो. वरच्या हिशेबाने ते खोलीला भरपूर झाले. म्हणजे पावसाळ्यात वीज दोन दिवस आली नाही तरी सुटा सेट वाजतो. आणि वीज परत येताना उसळून आली तर जळतो तो बाहेरचा ॲडाप्टर. तो बदलायचा, पुढे चालू. पुष्कळ डब्यांत वीजपुरवठा त्याच बोर्डावर असतो, म्हणून तो जळाला की बहुधा सगळ्यांना घेऊन जातो.

स्वस्तपणाचा मुद्दा सगळ्यात तकलादू आहे, कारण तो एकाच दिवसाचा हिशेब करतो. हरसूल, पेठकडची माणसे द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी, निफाडच्या बागांत कामाला जातात. पैसा हातात येतो तो हंगामाने, दर महिन्याला सारखा नाही. अशा घराला हप्त्यावर डबा घ्यायला लावायचा, आणि हप्ते फिटायच्या सुमारास त्याची बॅटरी मरायची, याला स्वस्त म्हणायचे? सुटा सेट हंगामाहंगामाने जमतो. एका वर्षी जुने पण धड बॉक्स आणि क्लास-डीचा छोटा बोर्ड, त्यावर मोबाइल लावून ऐकायचे. पुढच्या वर्षी बरा ॲम्प्लिफायर, मग डेक किंवा रेडिओ ट्यूनर. आधीचा एकही रुपया फुकट जात नाही. बॉक्सच्या आत तर लाकूड, तार, लोहचुंबक आणि कागदाचा कोन एवढेच असते. ओल आणि बुरशी लागू दिली नाही, कडेचा फोम वेळेवर बदलला, तर ते वीस-तीस वर्षे सहज टिकतात, पोरांच्या लग्नापर्यंत.

कुणी म्हणेल, पूर्वीही घरात एकच डबा असायचा. रेडिओ होता, रेडिओग्राम होता, टू-इन-वन होता, तेव्हा कुणी सुट्या भागांचे नाव काढत नव्हते. बरोबर. पण त्या डब्यांचे पाठीमागचे पुठ्ठ्याचे झाकण आठवा. ते स्क्रूने निघायचे. आत व्हॉल्व्ह खोबणीत बसवलेले, हाताने उपटून नवा लावता येईल असे. ठाण्यात बनणारा मर्फी असो की दुसरा कुठला सेट, तो आयुष्यात पाच-सहा वेळा उघडला जाईल हे धरूनच बांधलेला असायचा. टू-इन-वनमध्ये रेडिओ गेला तरी टेप चालत राहायची. बाहेरून एकच खोके दिसत असले तरी आतून तो सुटा सेटच होता. आजच्या डब्याला त्या रेडिओचा वारसा सांगणे म्हणजे त्या रेडिओवर अन्याय आहे. सरकारलाही हा बदल खटकला आहे: दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये समिती नेमली, आणि तिच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल, वाहने यांच्याबरोबर घरातली टिकाऊ यंत्रेही घेतली.

तारा आणि उंदीर यांविषयी फार बोलायची गरज नाही. उंदराने वायर कुरतडली तर मीटरभर वायर बदलायची, सगळ्या दुरुस्त्यांत स्वस्त तीच. जोडणी शिकायला लागते म्हणतात, पण लाल भोकात लाल पिन लावणे एवढीच ती विद्या आहे, आणि मोटरपंपाचा स्टार्टर जोडणाऱ्या घरांना ती शिकवायचीही गरज नाही. आवणीच्या दिवसांत बांधावर, नागलीच्या खळ्यावर न्यायला छोटा ब्लूटूथ डबा जरूर असावा. ते त्याचे काम आहे. प्रश्न घरातल्या सेटचा आहे.

उरले ते शेपटाचे वाक्य, तुमच्याकडे कशाला हाय-फाय. जो आवाजावर पोट भरतो त्याच्याकडे बघा. पाड्यापाड्यांवर लग्ने वाजवणारा मंडपवाला, भजनी मंडळ, देवळाचा सप्ता यांच्याकडे वर्षानुवर्षे काय आहे? सुटा ॲम्प्लिफायर, सुटे बॉक्स, सुटा माइक, कर्णा. १९४० पासून चालत आलेल्या आहुजासारख्या कंपनीचे ॲम्प्लिफायर गावोगाव या कामावर आहेत. ट्रॉलीचे स्पीकर आले तरी मोठ्या लग्नाला मंडपवाला सुटाच संच काढतो, कारण वऱ्हाड दारात उभे असताना काही बिघडले तर तेवढाच भाग बदलून पुढे जाता आले पाहिजे. म्हणजे सुट्या भागांची अक्कल हरसूलमध्ये आधीपासून आहे, रोज वापरात आहे. ती मंडपात चालते आणि घरात चोचले ठरते, हे कुठले तर्कशास्त्र? चांगले ऐकणे हा शहराचा हक्क आणि गावाला उरलेसुरले, एवढाच त्या वाक्याचा अर्थ होतो, आणि तो मानण्याचे काही कारण नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात उभे राहाल, तेव्हा वॉट विचारू नका. डबा उलटा करून स्क्रू कुठे आहेत ते बघा, आणि हा बिघडला तर हरसूलमध्येच उघडेल का, एवढे विचारा. दुकानदार गप्प बसला तर डबा तिथेच ठेवा. हातात पैसे थोडे असतील तर यंदा फक्त चांगले बॉक्स आणि साधा बोर्ड घ्या. बरा ॲम्प्लिफायर पुढच्या हंगामात घेता येईल.